खाडा : हजेरी क्रमांक 17 चं प्रकरण

गणिताची वही आहे, शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. एका पानाच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलंय, दि. 17/10/2022, सोमवार. खाली हातच्याच्या सात बेरजा, सातही बरोबर, माझी लाल खूण. पान उलटलं की मागच्या बाजूला दिनांक 10/4/2023. वार पुन्हा सोमवारच. तिथे बाकी उरणारा भागाकार आहे. मी फळ्यावर लिहिलेला तसाच्या तसा उतरवून घेतलेला, शेवटच्या आकड्यापर्यंत. त्याखाली स्वतः सोडवायची तीन उदाहरणं आणि तिन्हींपुढे कोरी जागा.

एकाच कागदाच्या दोन बाजू. मधे जवळजवळ सहा महिने.

ही वही माझ्या हातात आली 2023 च्या जूनमध्ये. मुलगी तिसरीतून चौथीत आली होती. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातली आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते पाचवी, दोन शिक्षक, तिसरी-चौथी एकाच खोलीत. हजेरीपटावर आधी मुलगे, मग मुली, त्यामुळे तिचा क्रमांक 17. या लेखात ती सतराच राहील. तिची ओळख पटू नये म्हणून दोनतीन घरांचे तपशील मी सरमिसळ केलेत. आमच्याकडच्या कुठल्याही वाडीवर चौकशी केलीत तरी अशी सतरा नंबर सापडेल.

वर्षाच्या सुरुवातीला कुणाला काय येतं ते बघायला मी साधी चाचणी घेतली. सतराचा पेपर विचित्र निघाला. कच्च्या मुलाचा पेपर सगळीकडे सारखा कच्चा असतो, हिचा तसा नव्हता. चार अंकी संख्यांचं वाचन चोख, बेरीज चोख, वजाबाकी बरी. भागाकार शून्य, घड्याळ शून्य, अपूर्णांकाच्या प्रश्नाला हातही लावलेला नाही. मराठीतही तेच. पुस्तकातल्या सुरुवातीच्या कविता चालीवर तोंडपाठ, शेवटचे धडे तिनं कधी पाहिलेलेच नव्हते. म्हटलं, ही पोर अर्धी शिकलेली दिसते. मग डोक्यात आलं की अर्धी म्हणजे नेमकी पहिली अर्धी. तिसरीचा पहिला अर्धा भाग. दिवाळीनंतर जे जे शिकवलं जातं ते तिच्यासाठी घडलेलंच नाही.

मग तिसरीचा हजेरीपट काढला. 219 दिवसांपैकी हजर 171. म्हणजे 78 टक्के.

वही म्हणते सहा महिने कोरे. हजेरीपट म्हणतो 78 टक्के. आणि हजेरीपटावरचं अक्षर माझंच.

दोन नोंदी, एक मुलगी

इथे जरा थांबून माझं मी सांगायला हवं, कारण ते सोडून हे प्रकरण लिहिण्यात अर्थ नाही. त्या वर्षीच्या डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीच्या रकान्यांत मी तिची हजेरी भरली होती. सगळी नाही. मधे मधे 'गै' टाकून, खरं वाटेल अशी. आईबापासोबत ती सांगली जिल्ह्यातल्या उसाच्या फडात होती हे मला माहीत होतं, मुख्याध्यापकांना माहीत होतं, गावाला माहीत होतं.

असं का करतात शिक्षक? आमच्या राज्यात शाळाबाह्य मूल कोणतं, तर ज्यानं शाळेत नावच घातलेलं नाही ते, आणि नाव घालूनही जे सतत महिनाभरापेक्षा जास्त गैरहजर आहे तेही. या हिशेबानं आमच्या शाळेतली निम्मी पोरं दरवर्षी नोव्हेंबर संपेपर्यंत शाळाबाह्य ठरतात. तसं लिहिलं की प्रश्न सुरू. का गेली, कुठे गेली, तुम्ही काय प्रयत्न केले, शिक्षण हमी कार्ड दिलं का, दिलं तर पोहोच कुठे. शिवाय पट. पटावर शिक्षकांची पदं ठरतात, आणि वीसच्या आतला पट म्हटलं की वाडीवस्तीच्या शाळेच्या पोटात गोळा येतो. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली होती. पोरांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावून डोकी मोजली गेली. कितीतरी शाळांत पटावरची पोरं खोल्यांत भरलीच नाहीत. तेव्हापासून आम्ही काय शिकलो? तर पोरगं हजर ठेवायला नाही, हजेरी सांभाळायला शिकलो.

एक गोष्ट मला त्या जूनमध्ये दिसली आणि ती इतकी साधी आहे की सांगायला लाज वाटते. हजेरीपट आपण उभा भरतो. एक दिवस, एक रकाना, वरून खाली. महिन्याच्या शेवटी उभ्या बेरजा करून सरासरी उपस्थिती काढतो आणि तीच वर पाठवतो. आडवं कुणी वाचत नाही. आडवी ओळ म्हणजे एक मूल. त्या जूनमध्येच मी मागच्या वर्षाचे पट घेऊन बसलो आणि नुसत्या आडव्या ओळी वाचल्या, खोट्या भरलेल्या दिवसांवर पेन्सिलीनं काट मारत. मग ओळी बोलायला लागल्या. एक मुलगा दर गुरुवारी नाही. गुरुवारी आठवडी बाजार, बापासोबत शेरडं घेऊन जायचा. दोघी बहिणी आलटून पालटून गैरहजर, घरी आजारी आई. आणि सतरा नंबर ऑक्टोबरात तुटते, एप्रिलमध्ये जोडली जाते.

कायदा वाचला तर गंमत आहे. 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास ठरवून दिलेत. पण हे दिवस शाळा उघडी असण्याचे. मूल आत असण्याचे किती, ते तिथे नाही. आमची शाळा दरवर्षी 200 च्या वरच भरते. सतराची भरत नव्हती.

मुकादमाची वही

खाडा हा शब्द आमच्याकडे दोन ठिकाणी वापरतात. शाळेत खाडा पडला असं म्हणतात, आणि फडात खाडा पडला असंही.

फडातला खाडा समजून घ्यायचा तर आधी कोयता समजून घ्यायला हवा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांचा मिळून एक. मुकादम उन्हाळ्यातच, फार तर पावसाच्या तोंडाला, कोयत्याला उचल देतो, अलीकडे लाखाच्या घरात. ती हंगामभर तोडून फेडायची. कारखान्याचं गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं, मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. पहाटे फडात उतरायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. एक दिवस नाही गेलं तर खाडा, आणि खाड्याचे 500 ते 1000 रुपये उचलीच्या हिशेबात चढतात. आजारी पडलं तरी खाडा, बाळंतीण झाली तरी खाडा.

सतराच्या बापाला मागच्या हंगामातले आपले खाडे तारखेनिशी पाठ होते. "संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी एक, हिला ताप आला तवा दोन, अन् गाडीचं चाक निखळलं तवा एक. चार झाले सर." मुकादमाच्या वहीत माणसामागे ओळ असते आणि ती ओळ आडवी वाचली जाते, पैशापैशासकट. हजेरीचं मोल ज्याला खरंच कळतं तो माणूस मला शिक्षण खात्यात भेटला नाही, टोळीत भेटला.

याच्या शेजारी शाळेचा दर ठेवून बघा. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींसाठी, पहिली ते चौथी, उपस्थिती भत्ता आहे. 1992 साली सुरू झाला. दिवसाला 1 रुपया, वर्षाला 220. आमच्याकडचे बरेचसे ऊसतोड मजूर वंजारी आणि बंजारा, त्यामुळे आमच्या मुली यादीत बसतात. तीस वर्षं उलटली तरी रुपया तो रुपयाच. आईच्या एका खाड्याच्या दंडात मुलीची दोन वर्षांची हजेरी विकत मिळते, वर सुटे उरतात.

तरीही पैसा हे मुख्य कारण नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

चौथी, 2023-24

त्या वर्षी ठरवलं, हिला जाऊ द्यायचं नाही. आणि केलं काय, तर दसऱ्याच्या आधी आठ दिवस घरी जाऊन बसलो. आपण करतो तसं भाषण केलं. सावित्रीबाई झाल्या, सरपंचाची मुलगी नर्स झाली तेही झालं. बापानं मान हलवली, आजीनं चहा दिला. आई चुलीपुढून उठली नाही. शेवटी तिथूनच म्हणाली, "सर, पोरगी ठिवली तर ह्याला कोन बगंल? फडात कुठं ठिवू ह्याला, उसात?"

'ह्याला' म्हणजे सतराचा भाऊ. दोन वर्षांचा. पायात चांदीचे वाळे, हातात बिस्किटाचा पुडा.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फडाच्या कडेला चादरीची झोळी बांधून मूल ठेवतात, उसाच्या गाड्या मागेपुढे होत असतात, विहिरी उघड्या असतात. त्या पोराला सांभाळणं हे दहा वर्षांच्या मुलीचं काम होतं, आणि ते मजुरीत धरलेलं नव्हतं म्हणून कुणाला दिसत नव्हतं. शिवाय उचल तर जूनमध्येच घेतली होती. मी ऑक्टोबरात बोलतोय. गाडीत बसलेल्या माणसाला तिकीट काढू नको म्हणण्यातला प्रकार.

दसरा झाला 24 ऑक्टोबरला. 28 ला पहाटे ट्रक भरला. भांडी, पत्रा, पिठाचे डबे, दोन शेळ्या, कोंबड्यांची डालगी, वर माणसं. मी हमी कार्ड लिहून तिच्या दप्तरात घातलं. हे कार्ड दाखवलं की तिथल्या जवळच्या शाळेनं बसवून घ्यायचं असतं. यंदा मी खरी नोंद केली, 28 ऑक्टोबरपासून स्थलांतरित. मुख्याध्यापक काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले.

फेब्रुवारीत फोन लागला. कार्डाचं काय झालं विचारलं. कोपी, म्हणजे मजुरांची झोपडी, ज्या माळावर होती तिथून शाळा चार किलोमीटर, मधे मोठा रस्ता. सुरुवातीला तीन दिवस गेली, मग टोळी दुसऱ्या फडात हलली, मग तिसऱ्या. "सर, इथली शाळा चांगली हाय, पण तितं समदे पुढच्या धड्यावर हायेत," ती म्हणाली. मी विचारलं, दिवसभर काय करतेस? पाणी, भाकरी, भाऊ. आणि संध्याकाळी वाढं विकते. वाढं म्हणजे उसाचे शेंडे, जनावरांना घालतात, गावातले लोक कोपीवर येऊन नेतात. म्हटलं, पाच पेंड्यांचे साठ रुपये, तर सात पेंड्यांचे किती? श्वास घेण्याआधी उत्तर आलं, चौऱ्याऐंशी. हेच वहीत भागाकार आणि गुणाकार म्हणून मांडून दिलं असतं तर तिनं पेन्सिल खाली ठेवली असती. तोंडी हिशेब फडात शिकायला मिळतो. तो कागदावर मांडायची रीत मात्र शाळेतच, रोज थोडी थोडी, आदल्या दिवसाच्या खांद्यावर पाय देऊन शिकावी लागते. गणितात एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशीचा अर्धा तास वाया जातो, कारण दुसरा दिवस पहिल्यावर उभा असतो. भूगोलाचा एक धडा चुकला तर तेवढाच धडा चुकतो. भागाकार चुकला तर अपूर्णांक जातो, अपूर्णांक गेला की दशांश जातो, आणि आठवीत बीजगणिताच्या तासाला हे पोरगं 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसलेलं असतं. तिथल्या सरांना कधीच कळत नाही की भोक तिसरीच्या जानेवारीत पडलंय.

ती परतली पाडव्याच्या आदल्या दिवशी, 8 एप्रिल 2024 ला. 10 तारखेला शाळेत आली. वर्षाचा खरा हिशेब असा झाला. शाळा भरली 222 दिवस. ट्रक निघेपर्यंतच्या 104 दिवसांत ती हजर 92. मग सलग 102 दिवस गैरहजर. शेवटच्या 16 दिवसांत हजर 13. एकूण 105, म्हणजे 47 टक्के.

त्याच वर्षी पाठ्यपुस्तकं चार भागांत आली होती, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून, मधे मधे लिहायला कोरी पानं जोडून. जूनमध्ये चारही भाग वाटले होते. एप्रिलमध्ये मी तिला ते सगळे आणायला सांगितलं. पहिल्या भागाचं मुखपृष्ठ निघालेलं, दोऱ्यानं शिवलेलं, कोपरे गोल झालेले. दुसरा भाग अर्ध्यापर्यंत मळका, पुढे पांढरा. तिसरा आणि चौथा करकरीत. उघडताना पानं एकमेकांना चिकटलेली, शाईचा वास तसाच. ते चार भाग टेबलावर ओळीनं मांडले तेव्हा कुठलीच टक्केवारी सांगायची गरज उरली नाही. केंद्रप्रमुख आले होते, त्यांनाही तेच दाखवले.

निकालपत्रक? चौथी पास. पास-नापास नाहीच, वरच्या वर्गात घातली.

पाचवी, 2024-25

यावेळी मी जूनमध्येच गेलो. उचल घ्यायच्या आधी. भाषण केलं नाही, आईलाच विचारलं, "वहिनी, धाकट्याला तीन कधी पूर्ण होतात?"

ऑगस्टमध्ये. तीन पूर्ण झाले की अंगणवाडीत बसतं मूल. अंगणवाडी शाळेच्या भिंतीला लागून. म्हणजे सकाळी बहीण भावाला घेऊन येईल, दुपारी खिचडी खाऊन घेऊन जाईल, रात्री दोघं आजीजवळ. उरला प्रश्न आजीला दोन पोरांचा स्वयंपाक झेपण्याचा, कारण तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. त्याला हंगामी वसतिगृह होतं. नाव वसतिगृह असलं तरी आमच्याकडे पोरं झोपतात आपापल्या घरी, आजी-आजोबांजवळ. सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत शिजतं. शाळा व्यवस्थापन समितीनं यादी करायची, प्रस्ताव पाठवायचा, सहा महिने चालवायचं. यादीत 14 पोरं बसली. मंजुरीचा कागद यायला डिसेंबर उजाडला, तोवर किराणा उधारीवर आणला आणि दुकानदारानं मला बघून वाट बदलण्याऐवजी मीच त्याला बघून बदलत होतो. ते असो.

आई तरी लगेच हो म्हणाली नाही. तिची खरी भीती वेगळी होती आणि ती तिनं माझ्यापुढे नाही, अंगणवाडीताईंपुढे बोलून दाखवली. पोरगी मोठी व्हायला लागली, मागं ठेवली तर गाव, पुढं नेली तर फड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या विशीतल्या तरुण बायकांमध्ये दर शंभरात 40 हून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. आमच्याकडे हा आकडा कुणाला नवल वाटत नाही. सातवी-आठवीत शाळा सुटलेली मुलगी घरात दिसली की लोक स्थळं सांगायला लागतात. नवं लग्न म्हणजे नवा कोयता, हे तर उघड गणित. दप्तर घेऊन रोज सकाळी रस्त्यानं जाणाऱ्या मुलीबद्दल तोच विषय काढायला माणूस जरा कचरतो. ताईंनी आईला काय सांगितलं ते मला माहीत नाही. दोन दिवसांनी बाप शाळेच्या फाटकाशी येऊन म्हणाला, "ठिवतो सर. पन म्हातारीचं काई कमीजास्त झालं तर फोन करा, लगीच नेतो."

त्या वर्षी विधानसभेची निवडणूक होती. गाळपाला 15 नोव्हेंबरपासून परवानगी मिळाली, मतदान 20 ला. टोळ्या उशिरा हलल्या. ट्रक निघाला तेव्हा सतरा माझ्या शेजारी फाटकात उभी होती, भाऊ कडेवर. रडली नाही. भाऊ मात्र ट्रक दिसेनासा झाल्यावरही अर्धा तास हुंदके देत राहिला आणि मग अंगणवाडीत उपम्याच्या ताटापुढे झोपला.

आता शाळेनं काय वेगळं केलं, तर फार नाही. सलग दोन दिवस कुणी आलं नाही की तिसऱ्या दिवशी दोघांपैकी एक शिक्षक घरी. बोलवायला पोरं पाठवायची नाहीत, आपण जायचं. आणि जाताना चुकलेल्या दोन दिवसांचा अभ्यास न्यायचा, ओरडा न्यायचा नाही. पहिल्या महिन्यात माझे गुडघे दुखले. जानेवारीपर्यंत जाण्याची पाळी फार कमी झाली, कारण मास्तर येतोच म्हटल्यावर आयाच सकाळी निरोप धाडायला लागल्या, आज पाहुणे आहेत, उद्या येईल.

जानेवारीत सतरा स्वतः नऊ दिवस आली नाही. आजी तापानं पडली होती. तिसऱ्या दिवशी गेलो तर पोरगी चुलीपुढे, डोळे धुरानं लाल, भाऊ ताट वाजवतोय. फोन करावा का बापाला? केला असता तर आठवड्यात दोन्ही पोरं फडात असती, वर बापाला दोन खाडे. मी केला नाही. हे बरोबर केलं का, अजून सांगता येत नाही. आजीला उपकेंद्रात नेलं, वसतिगृहाचं जेवण घरी पोचवलं, आणि सहा दिवस संध्याकाळी अर्धा तास तिच्या ओट्यावर दशांश अपूर्णांक घेतले. पाचवीच्या गणितात दशांश पुस्तकाच्या उत्तरार्धात आहेत, म्हणजे आजवरच्या चालीनं ते तिला दिसलेच नसते. रुपये-पैशांवरून सुरुवात केली. साडेबारा रुपये कसे लिहायचे? 12.5 की 12.50? ती म्हणाली, "दोन्ही एकच की सर. पन दुकानदार पन्नास लिवतो." आजी आतून खोकत खोकत हसली.

वर्ष संपलं तेव्हा ओळ आडवी वाचली. 220 पैकी 187. बरोबर 85 टक्के. यातला एकही दिवस मी भरलेला नाही. खाडे 33, पण मोठे तुकडे नाहीत. नऊ दिवसांचा एक, बाकी एकेक-दोनदोनचे.

काय झालं, काय नाही

पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे. राज्यानं 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला ती पुन्हा आणली. सतरा सगळ्या विषयांत पास झाली. गणितात दशांशाची उदाहरणं सोडवली आणि परिमितीचं एक.

पण भागाकार अजून अडखळतो. दोन अंकी भाजक दिसला की ती बोटांवर पाढे म्हणायला लागते आणि मधेच सोडते. तिसरी-चौथीतले दिवस पाचवीत हजर राहून परत मिळत नाहीत, हे मला अपेक्षित होतं तरी बघताना वाईट वाटलं. नुसतं शाळेत बसवलं की झालं असं मानणारे आमच्यात बरेच आहेत, मीही होतो. मागची भोकं बुजवायला वेगळा वेळ काढावा लागतो, कायद्यातही त्याला विशेष प्रशिक्षण म्हणून जागा आहे, आणि तो वेळ दोन शिक्षकी शाळेत शाळा सुटल्यावरच निघतो. वाचन मात्र सुधारलं. मार्चमध्ये ती तिसरीच्या पोरांना गोष्टी वाचून दाखवत होती, आवाज बदलून बदलून.

बदल आणखी एक झाला आणि तो मी मोजलेला नाही. आधी ती एप्रिलमध्ये परत यायची तेव्हा आठवडाभर कुणाशी बोलायची नाही. मधल्या सुट्टीतले खेळ बदललेले असायचे, जोड्या जुळलेल्या असायच्या, कुणाचं कुणाशी भांडण आणि का, ते हिला ठाऊक नसायचं. पाचवीत जानेवारीतल्या एका सकाळी मी व्हरांड्यातून पाहिलं, तीनचार मुली भिंतीपाशी कुजबुजत होत्या आणि मधे सतरा होती, काहीतरी सांगत. काय ते मला ऐकू आलं नाही.

साखरशाळांचा विषय इथे कुणीतरी काढणारच. कारखान्यांच्या परिसरात मजुरांच्या पोरांसाठी त्या चालायच्या, शिक्षण हक्क कायदा आल्यावर पोरं नियमित शाळेतच जायला हवीत म्हणून बंद होत गेल्या. तत्त्व बरोबर होतं. पण फडातून नियमित शाळेपर्यंतचे चार किलोमीटर आणि मधला मोठा रस्ता तत्त्वात नव्हता. मागे राहणाऱ्या मोठ्या मुलांसाठी 2021 मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना आली, 41 तालुक्यांत 82. आमच्या पालकांना तिचा अर्ज कुठे मिळतो हे सांगण्यात माझा जूनचा एक आठवडा गेला.

आमची शाळा पाचवीपर्यंत. 2025 च्या जूनमध्ये सतरा सहावीसाठी मोठ्या गावात गेली, साडेतीन किलोमीटर. दाखला मीच लिहिला. त्यावर रकाने ठरलेले आहेत, जात, जन्मतारीख अक्षरी, शाळेत दाखल झाल्याचा दिनांक, प्रगती, वर्तणूक. प्रगतीपुढे 'चांगली' लिहिलं, वर्तणुकीपुढे 'चांगली'. हजर दिवसांचा रकाना नाही.

म्हणून एक कागद वेगळा लिहिला. तिसरी आणि चौथी, दोन्ही वर्षं ऑक्टोबर अखेर ते एप्रिल गैरहजर. भागाकार दोन अंकी भाजकापासून कच्चा. घड्याळ येतं, दिनदर्शिका येत नाही. तोंडी हिशेब उत्तम, तिथून सुरुवात करावी. सलग दोन दिवस दिसली नाही तर आजीकडे जावं, घर मारुतीच्या पारामागे. तो कागद टाचणीनं दाखल्याला लावला आणि बापाच्या हातात दिला. दाखला तिथल्या फाइलमध्ये लागला हे मला कळलंय. टाचणीचा कागद वर्गशिक्षकांपर्यंत गेला का, ते विचारायला येत्या गुरुवारी बाजाराला जाईन तेव्हा शाळेत डोकावणार आहे.